सहीखालची रेघ

मी जे केलं ते चांगलं की वाईट, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण ते मी मुद्दाम केलं, विचार करून केलं, आणि त्याला जवळजवळ एक वर्ष लागलं, हे पहिल्यांदा सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, एका साध्या मुलीच्या हातून चुकून काहीतरी घडलं. चुकून काही घडलेलं नाही.

आमचं घर मेंढरं राखणारं. गाव सोयगाव तालुक्यात, पण वर्षातले सहा-सात महिने आई, आबा आणि चुलते गावात नसतात. ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याच्या शेतात असतात. घरात दहावीच्या पुढे गेलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. शहरात कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा चितेगावच्या आत्याकडे राहायचं ठरलं. तिचे यजमान तिथल्याच एका कंपनीत कामाला होते. राहण्याची सोय झाली, बाकीची व्हायची होती. शाळेतल्या सरांनी सांगितलं की शहरात एक शिष्यवृत्ती न्यास आहे, जिल्ह्यातल्या गरजू मुलांना पदवी होईपर्यंत मदत करतो. मी अर्ज केला. मुलाखतीला पालकांना सोबत आणायचं होतं.

आबा त्या दिवशी पहिल्या एसटीनं आले. मेंढरं कन्नडच्या बाजूला बसवलेली होती, तिथून सरळ आले. धुतलेलं धोतर, नवा पटका आणि पावसाचे दिवस म्हणून खांद्यावर घोंगडी. घोंगडी धुतली तरी तिला मेंढराचा वास असतोच. आम्हाला तो वास येत नाही, म्हणून माझ्याही ते लक्षात आलं नाही.

न्यासाचं कार्यालय म्हणजे औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या एका दगडी घराचा व्हरांडा आणि दोन खोल्या. आतल्या खोलीत टेबलापलीकडे तिघं बसले होते. आम्ही खुर्च्यांवर टेकलो आणि मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला म्हणाले, "ती खिडकी उघडा जरा."

सकाळपासून व्हरांड्यात बसून मी आत जाणारी सगळी मुलं बघितली होती. ती खिडकी आमच्याआधी कुणासाठी उघडली नव्हती. बाहेर पाऊस होता. खिडकी उघडल्यावर टेबलावरचे कागद भिजायला लागले, तरी ती उघडीच राहिली.

मला त्यांनी काही विचारलं नाही. आबांना विचारलं, मेंढरं किती? आबा म्हणाले, दीडशे. आमच्यात भावाभावांची मेंढरं वेगळी मोजत नाहीत. आबा, तीन चुलते आणि एक विधवा चुलती, सगळ्यांची मिळून ती दीडशे. कुणी विचारलं तर सगळ्यांची मिळूनच सांगायची, नाहीतर भावांना वेगळं काढल्यासारखं होतं. हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं आणि आबांना ते समजावून सांगायचं सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण तोंड उघडलं नाही.

"दीडशे मेंढरांचा धनी शिष्यवृत्ती मागायला आलाय," ते गृहस्थ म्हणाले. "मग आपणच यांच्याकडे काहीतरी मागितलं पाहिजे."

त्यांच्या शेजारचे हसले. तिसरे, टोकाला बसलेले चिटणीस, भिजलेले कागद गोळा करत राहिले. आबाही हसले. मोठा माणूस विनोद करतो तेव्हा हसायचं असतं, म्हणून हसले. आणि मी, हे लिहायला जड जातं, मीही हसले.

यादीत माझं नाव नव्हतं.

त्यानंतर मी त्या गृहस्थांचा विचार केला नाही असा दिवस गेला नाही. पैठण रोडवर बसमध्ये उभी असताना, वर्गात, आत्याकडे भाकरी करताना. मला शिष्यवृत्ती नको होती आता. ते त्या मधल्या खुर्चीवरून उठलेले मला बघायचे होते. कसं, ते माहीत नव्हतं.

मूळ कागदपत्रं परत घ्यायला गेले तेव्हा चिटणीस सरांनी माझ्याकडून पोचपावती लिहून घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. माझं अक्षर चांगलं आहे, एवढी एक गोष्ट मला शाळेनं दिली. सर निवृत्त शिक्षक होते. त्यांचा हात कापायला लागला होता आणि न्यासाचं इतिवृत्त हातानं लिहायची पद्धत होती. दुपारी दोन तास येशील का, असं त्यांनी विचारलं. कॉलेजचा आणि बसपासचा खर्च निघेल एवढं मिळणार होतं. मी हो म्हटलं. गरज होती म्हणून म्हटलं. पण त्या घराचं दार मला बंद व्हायला नको होतं, हेही खरं.

ज्या मुलीला त्यांनी खिडकी उघडून बाहेर काढलं, तिच्याच हातात त्यांनी आपलं इतिवृत्ताचं पुस्तक दिलं. यात सरांची चूक होती की अजून काही, हे मला पुढे खूप उशिरा कळलं.

कामाला लागून थोडे दिवस झाल्यावर सरांनी न्यासाची घटना माझ्यासमोर ठेवली. कागद घडीवर फाटत चालले होते, त्यांची स्वच्छ प्रत करायची होती. ज्यांनी हा न्यास काढला ते निजामाच्या काळात उर्दू कोर्टात वकिली केलेले गृहस्थ. पोलीस ॲक्शननंतर मराठी शाळा-कॉलेजं उघडायला लागली, तेव्हा त्यांनी स्वतःचं घर आणि थोडी जमीन मुलांच्या शिक्षणासाठी लिहून दिली. त्यांची मराठी उर्दू वळणाची होती. गैरहाजिर, मुदत, सूचनेला इत्तला, असे शब्द पानोपानी.

विश्वस्त मंडळ म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, जो पैसेवाला तो बसतो. त्या कागदात तसं नव्हतं. सात जागा होत्या आणि प्रत्येक जागेला कारण होतं. दोन जागा वकिलांच्या घराण्यातल्यांना; दोनच, घरात माणसं कितीही वाढली तरी तिसरी नाही. एक जागा जिल्ह्यातल्या कुठल्यातरी कॉलेजच्या प्राचार्याला, तेही नोकरीत असेपर्यंतच. एक निवृत्त शिक्षकाला, त्यानं चिटणीस व्हायचं. एक कायदा जाणणाऱ्याला. एक जागा अशा माणसाला, ज्यानं स्वतः ही शिष्यवृत्ती घेतलेली आहे. आणि सातवी जिल्ह्यातल्या प्रतिष्ठित नागरिकाला. घराणं सोडून बाकीच्यांची मुदत तीन वर्षं, मग उरलेल्यांनी पुन्हा निवडायचं.

सरांना मी विचारलं, एवढं बारीक कशाला लिहिलं असेल? ते म्हणाले, "त्यांनी जहागीरदार बघितले होते. गाव ज्याच्या नावावर, तो गावात कधी यायचाच नाही."

मधल्या खुर्चीवरचे ते गृहस्थ सातव्या जागेवर होते. प्रतिष्ठित नागरिक. तीन तीन वर्षं करत त्यांना वीसेक वर्षं झाली होती. मी त्यांना इथं अहोजाहोच करणार आहे, आबांनी तसंच शिकवलंय.

मंडळाच्या वर्षाला चार सभा व्हायच्या. दिवाळीनंतर एक, संक्रांतीनंतर एक, पाडव्यानंतर एक, आणि चौथी पावसाळ्यात मुलाखतींच्या सकाळी. पहिल्या तिन्हींना प्रतिष्ठित नागरिक येत नसत. चौथीला मात्र कधी चुकत नसत, कारण त्यानंतर मुलाखती असत. पण पुस्तक बघितलं तर ते प्रत्येक सभेला हजर. याचं कारण एक जुनी रीत होती. सभा झाली की पुस्तक त्यांच्या घरी जायचं. ते सही करायचे, आणि पुस्तक परत आल्यावर सर शेवटच्या सहीखाली रेघ ओढायचे. ही रेघ सरांनीच मला शिकवली. रेघ ओढली की तिच्या वर कुणाचं नाव घुसवता येत नाही.

शिपाई तेव्हा निवृत्त झाला होता. म्हणून त्या वर्षी पुस्तक घेऊन सिडकोतल्या त्यांच्या बंगल्यावर मी जात होते. तीनदा गेले. पहिल्यांदा पायऱ्या चढताना वाटत होतं, ते मला ओळखतील. त्यांनी ओळखलं नाही. पेपर वाचता वाचताच त्यांनी, मी बोट ठेवलं तिथं, सही केली आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. कुठली गं तू?"

मी म्हटलं, सोयगावकडची.

"लांबून येता बाई तुम्ही मुली. शिका." आणि आतून मला चहा पाठवायला सांगितलं.

तो चहा मी प्यायले. त्यांनी ओळखून हाकललं असतं तर मला इतका राग आला नसता. आबा त्यांच्या लक्षातसुद्धा राहिले नव्हते.

घटनेची प्रत करायचं काम मी सावकाश करत होते. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता अकराव्या कलमापर्यंत पोचले. ते मी इथं जसंच्या तसं लिहिते, मला ते पाठ आहे. 'जो विश्वस्त लेखी इत्तला न देता लागोपाठ तीन सभांस गैरहाजिर राहील, त्याची जागा तिसरी सभा संपताच रिकामी झाली असे समजावे. त्यास निराळ्या ठरावाची गरज नाही.'

मी पेन खाली ठेवलं. मला आठवतं, मी हात धुऊन आले, पुन्हा बसले आणि ते कलम जरा ठळक अक्षरात लिहिलं.

दिवाळीनंतरच्या सभेला नेहमीप्रमाणे ते नव्हते. सभा उरकून मंडळी चहा घेत होती. मी हजर असणाऱ्यांची नावं लिहिली आणि सरांजवळ जाऊन विचारलं, आले नाहीत त्यांचं नाव हजर असलेल्यांत कसं लिहू? अडाणी मुलीनं विचारावं तसं विचारलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "जे दिसलं ते लिही."

मी लिहिलं, गैरहाजिर. लेखी सूचना नाही. वकिलांचाच शब्द वापरला. सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि पुस्तक त्या खोलीत असतानाच मी रेघ ओढली.

संक्रांतीनंतरच्या सभेलाही ते नव्हते, मी पुन्हा तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, पुस्तक कसं आलं नाही? सर माझ्यासमोरच फोनवर बोलत होते. पुस्तक नेणाऱ्या मुलीची परीक्षा आहे, असं सरांनी सांगितलं. माझी परीक्षा नव्हती. पलीकडून मोठ्यानं आवाज आला, तो मलाही ऐकू आला. काही घाई नाही, पुढच्या वेळी सगळ्या सह्या एकदम करू. सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आता एकच सभा राहिली होती. सभेची सूचना सात दिवस आधी प्रत्येकाच्या हातात द्यायची आणि पोच घ्यायची, हेही घटनेत होतं. ते काम माझंच. सूचना एक दिवस उशिरा दिली तर, किंवा दारातल्या पेटीत टाकून आले तर, त्यांना कळणारच नाही, असं माझ्या मनात आलं होतं. दोन दिवस आलं होतं. पण तसं केलं असतं तर पुढे ते म्हणाले असते, मला सांगितलंच नाही, आणि जागा त्यांचीच राहिली असती. मला त्यांना फसवून पाडायचं नव्हतं. त्यांच्याच पायानं पडलेलं बघायचं होतं. म्हणून मी दहा दिवस आधी गेले, कागद हातात दिला, पोचेवर सही आणि तारीख घेतली. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "साहेब, या सभेला या."

का म्हटलं ते मला सांगता येत नाही. भीती असेल. किंवा मागं कुणी म्हणू नये म्हणून असेल.

ते हसले. "तूच ये की पुस्तक घेऊन. चहा देतो."

त्या संध्याकाळी बसमध्ये मला जागा मिळाली होती. मी खिडकीशी बसून चितेगावपर्यंत स्वतःशीच हसत आले. शेजारची बाई मला विचारत होती, लग्न ठरलं का काय पोरी?

पाडव्यानंतरची सभा चारला सुरू झाली. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की माझं लिहिणं थांबायचं. सव्वापाचला अध्यक्षांनी आभार मानले. सहाव्या जागेवरच्या, पुण्याला राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यानं रजेचं पत्र पाठवलं होतं, ते मी पुस्तकाला जोडलं. सातव्या जागेसमोर तिसऱ्यांदा तोच शब्द लिहिला. माझी ती रेघ थोडी वाकडी आली आहे. पुस्तकात आजही दिसते.

पावसाळ्यात मुलाखतींच्या सकाळी ते वेळेवर आले, पांढरे कपडे घालून, आणि मधल्या खुर्चीत बसले. सभा सुरू झाली. चौथ्या सभेत वर्षभराचं मागचं इतिवृत्त वाचायचं असतं. सरांचा आवाज बसला होता, किंवा त्यांनी तसं सांगितलं, आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी मागच्या तिन्ही सभांचं वाचलं. तीनदा गैरहाजिर आलं. मग सर उठले आणि अकरावं कलम त्यांनी स्वतः वाचलं, बसलेल्या आवाजानं पण पूर्ण. शेवटी म्हणाले, "पाडव्यापासून सातवी जागा रिकामी आहे. निर्णय मंडळाचा नाही, घटनेचा आहे."

अध्यक्ष म्हणजे न्यास काढणाऱ्या वकिलांचे नातू. त्यांनी कलम दोनदा मागून घेऊन वाचलं आणि कायद्याच्या जागेवरच्या विश्वस्तांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली.

"हे कुणी लिहिलं?" प्रतिष्ठित नागरिकांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"तू कोण?"

हाच तो क्षण होता. दोन वर्षं मी बसमध्ये उभी राहून या प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं. दीडशे मेंढरांच्या धन्याची मुलगी, असं म्हणायचं होतं. खिडकीकडे बोट दाखवायचं होतं. आणि माझ्या तोंडून एवढंच आलं, "मी इतिवृत्त लिहिते."

त्यांनी माझ्यावरून नजर काढली आणि अध्यक्षांना विचारलं, "कुणाला आणायचंय या जागेवर? सरळ सांगायचं होतं."

ते उठून गेले. व्हरांड्यात मुलं आणि त्यांचे आई-बाप बसले होते. एवढा मोठा माणूस बाहेर आला म्हणून दोन-तीन बाप उठून उभे राहिले, हात जोडले. ते त्यांच्यामधून वाट काढत गेले. ते मी दारातून बघितलं, पोटभर बघितलं. मला त्यांची दया आली नाही.

त्यांनी तक्रार केली. मंडळात झालेला बदल धर्मादाय कार्यालयात नोंदवावा लागतो, तिथं त्यांनी हरकत घेतली. सुनावणीला मी पुस्तक पिशवीत घालून छातीशी धरून नेलं. त्यांच्या वकिलानं सांगितलं की पुस्तक दरवेळी घरी पाठवायची वीस वर्षांची वहिवाट आहे, या वर्षीच ते मुद्दाम पाठवलं नाही. अधिकाऱ्यांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"म्हणजे आधीच्या सह्या सभेत केलेल्या नाहीत?"

वकील थांबला. पण प्रतिष्ठित नागरिक स्वतःच म्हणाले, "सगळ्यांना माहीत होतं हो. मला एवढा वेळ कुठं असतो?" त्यांना वाटलं, हे आपल्या बाजूचं आहे.

मग मी घेतलेल्या पोचेवरची त्यांची सही निघाली, तारखेसकट. पुढे फार काही राहिलं नाही. त्यांची हरकत टिकली नाही.

पण तो प्रश्न सरांनाही विचारला गेला. पुस्तक घरी कुणाच्या सांगण्यावरून जायचं? माझं नाव घेता आलं असतं, त्याआधी शिपायाचं घेता आलं असतं. सर म्हणाले, माझ्या. आठवड्यानं त्यांनी चिटणीसपद सोडलं. जायच्या दिवशी ते कपाटाची किल्ली माझ्याजवळ देत होते तेव्हा मी त्यांना म्हटलं, मला हे माहीत नव्हतं, सर, तुमच्यावर येईल म्हणून. ते म्हणाले, "मला माहीत होतं. ते कागद भिजत होते त्या दिवशी मीच उठून खिडकी लावायला पाहिजे होती."

एवढ्या एका गोष्टीचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचंच नाही.

अजून एक आहे, तेही सांगते. सहावी जागा शिष्यवृत्ती घेतलेल्याची. माझ्याबरोबर मुलाखत दिलेल्या कुणाला कधीतरी ती मिळेल. मला मिळणार नाही, कारण मला ती शिष्यवृत्ती त्यांनी दिली नाही. त्या मंडळाचं पुस्तक मी अजून लिहिते, पण तिथं बसू शकत नाही. तेवढं त्यांनी केलेलं माझ्यावर राहिलंच आहे.

सुनावणीचा निकाल लागल्यावर मी आबांकडे गेले. मेंढरं सोयगावजवळच एका काढलेल्या मक्याच्या रानात बसवली होती. आबा कोकराला पाजायला धरून बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, कोण साहेब, कुठली शिष्यवृत्ती, असं विचारतील. त्यांनी कोकरू खाली सोडलं.

"त्यो खिडकीचा व्हय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दिवसानंतर आबा चार-पाच वेळा शहरात आले होते, भर पावसातसुद्धा, आणि एकदाही त्यांच्या खांद्यावर घोंगडी नव्हती.

"त्याला म्हाईत झालं का, कशापायी गेला ते?" त्यांनी विचारलं.

"नाय आबा. त्यांना वाटतंय दुसऱ्याच कुणी काढलं. मला नाय बोलता आलं."

आबांनी कोकरू पुन्हा उचललं. "मग अर्धंच केलंस माय," ते म्हणाले.

बोलणं मला अजूनही जमत नाही, लिहिणं जमतं. म्हणून हे लिहिलं. नाव कुणाचंच घातलेलं नाही. माझंही नाही, त्यांचंही नाही. पण ते पेपर वाचतात, पुस्तकंही वाचत असतील. साहेब, ती खिडकी तुम्ही उघडायला सांगितली होती. दीडशे मेंढरं पाच घरांची होती. सही करायची गरज नाही, खाली रेघ मी ओढते आहे.